महासाथीत किनारे उघडताना: आधी जीवरक्षक, मग तारीख

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. एका किनारी गावाचं प्रशासन पुढच्या महासाथीसाठी आराखडा करतंय. कोविडमध्ये किनारा बंद करण्याचा आदेश एका संध्याकाळात निघाला होता, उघडायच्या वेळी मात्र बैठकांवर बैठका झाल्या. एक गट म्हणत होता, मोकळ्या हवेत संसर्ग होत नाही, मग बंदी कशाला? दुसरा गट गर्दीचे फोटो टेबलावर ठेवत होता. पुन्हा अशी वेळ आली तर निर्णय कशाच्या आधारावर घ्यायचा?

किनाऱ्यावरची सुरक्षा आणि गर्दीचं नियोजन हे माझं काम, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. विषाणूबद्दल साथरोगतज्ज्ञ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. पण किनारा उघडल्यावर पहिल्या रविवारी दुपारी तिथे नेमकं काय होतं, हे आम्हा लोकांना जास्त ठाऊक असतं, आणि बैठकीत नेमकी तीच बाजू ऐकायला कुणी नसतं.

आधी पहिल्या गटाचा मुद्दा घेऊ. तो भक्कम आहे. २०२०च्या सुरुवातीला जपानमध्ये ११० रुग्णांच्या संपर्कसाखळ्या तपासल्या, तेव्हा मोकळ्या जागेच्या तुलनेत बंद जागेत लागण पुढे जाण्याची शक्यता १८.७ पट दिसली. चीनमध्ये त्याच सुमाराचे, तीन किंवा जास्त रुग्णांचे ३१८ उद्रेक तपासले गेले. ते झाडून सगळे बंद जागेतले निघाले. ७,३२४ रुग्णांच्या नोंदींत उघड्यावर लागण झाल्याचा एकच प्रसंग सापडला, त्यात दोन रुग्ण. आयर्लंडमध्ये मार्च २०२१पर्यंतच्या २,३२,१६४ रुग्णांपैकी २६२ जणांची लागण मोकळ्यावरची मानली गेली, म्हणजे साधारण हजारात एक. आणि एडिनबरा विद्यापीठाचे प्रा. मार्क वूलहाऊस यांनी फेब्रुवारी २०२१मध्ये ब्रिटिश खासदारांच्या समितीपुढे सांगितलं की, आपल्या माहितीप्रमाणे जगात कुठेही समुद्रकिनाऱ्याशी जोडता येईल असा एकही उद्रेक झालेला नाही.

या आकड्यांना भोकं आहेत, आणि बैठकीत कुणीतरी ती दाखवणारच, तेव्हा आधीच सांगून ठेवतो. चीनच्या नोंदी हिवाळ्यातल्या आहेत. लोक मुळात घरातच होते. दुसरं, कुटुंबात किंवा कचेरीत लागण झाली तर कुणाकडून झाली हे शोधता येतं, पण वाळूवर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचं नाव कोण विचारून ठेवतो? अशी लागण नोंदीत येतच नाही. तरीही भोकांना पुरेपूर जागा देऊन हिशोब केला तरी चित्र उलटं होत नाही. हवा वाहती, जागा ऐसपैस आणि वर ऊन. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या प्रयोगशाळेत, ऐन उन्हाळ्यातल्या दुपारच्या उन्हाइतक्या प्रकाशात कृत्रिम लाळेच्या थेंबातला ९० टक्के विषाणू सात मिनिटांच्या आत निष्क्रिय झाला होता. समुद्राच्या पाण्यातून कोविड पसरल्याचा पुरावाही कधी पुढे आला नाही. एका छत्रीखाली डोक्याला डोकं लावून तासभर गप्पा मारणाऱ्या चौघांना ऊनवारा फारसा वाचवत नाही, हे खरं. पण ते चौघं बहुधा एकाच गाडीतून आलेले असतात आणि जे व्हायचं ते गाडीतच होऊन गेलेलं असतं.

हे शेवटचं वाक्य मी गमतीने लिहिलेलं नाही. माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. तुमची समिती वाळूवर भांडते, आणि वाळू हा किनाऱ्याच्या सहलीतला सगळ्यांत निर्धोक भाग असतो. सहल सुरू होते गाडीत किंवा बसमध्ये, मग पार्किंग, मग चिंचोळी पायवाट, मग शौचालयाची रांग, मग वाळू, मग परत येताना खाण्यापिण्याचं ठिकाण आणि कुणाकुणाची मुक्कामाची खोली. किनारा उघडणं म्हणजे ही अख्खी साखळी उघडणं.

सिडनीचं बाँडाय घ्या. २० मार्च २०२०च्या शुक्रवारी तिथे उसळलेल्या गर्दीचे फोटो जगभर फिरले आणि दुसऱ्याच दिवशी किनारा बंद झाला. त्या परिसरात रुग्ण खरंच वाढले. पण साखळ्या शोधत गेल्यावर त्या परदेशातून परतलेले प्रवासी, बंद सभागृहातल्या पार्ट्या आणि एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे तरुण पर्यटक यांच्याकडे वळल्या. दक्षिण आफ्रिकेत त्याच वर्षाच्या अखेरीस बारावीची परीक्षा संपल्याचा जल्लोष बॅलिटो या किनारी शहरात झाला आणि तो मोठा उद्रेक ठरला. किनारी शहर असलं तरी घात केला तो पार्ट्यांनी. फ्लोरिडात मार्च २०२०मध्ये वसंत सुट्टीसाठी आलेल्या तरुणांचे फोन फोर्ट लॉडरडेलच्या एका पुळणीवरून पुढे कुठे कुठे गेले, याचा नकाशा एका कंपनीने प्रसिद्ध केला होता. एका किनाऱ्यावरचे ठिपके काही दिवसांत निम्म्या देशावर पसरलेले दिसत होते. तो नकाशा लागण दाखवत नव्हता, हालचाल दाखवत होता. पण समितीसमोर ठेवायचं चित्र मला विचाराल तर ते हेच. दूरदूरचे लोक एका जागी येतात, रात्री एकत्र घालवतात आणि पुन्हा पांगतात, ही खरी जोखीम. वाळूवर ते किती अंतरावर झोपले, ही नव्हे.

आता दुसऱ्या गटाचे फोटो. एप्रिल २०२०च्या शेवटच्या आठवड्यात कॅलिफोर्नियात उन्हाचा तडाखा बसला आणि न्यूपोर्ट बीचवर हजारोंची रीघ लागली. फोटोंमध्ये माणसाला माणूस चिकटलेला दिसत होता. ३० एप्रिलला राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ऑरेंज काउंटीचे किनारे बंद करायला लावले. त्या फोटोंवर तेव्हाच वाद झाला, कारण लांब पल्ल्याच्या लेन्सने किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेने, जमिनीलगत फोटो काढला की अर्ध्या किलोमीटरमधली माणसं एकावर एक रचल्यासारखी दिसतात. त्याच क्षणी वरून फोटो काढला तर छत्र्यांमध्ये चांगलं अंतर दिसू शकतं. फोटो खोटा नसतो, पण मोजमाप म्हणून तो कुचकामी आहे. आम्ही गर्दी मोजतो ती टेहळणी मनोऱ्यावरून किंवा ड्रोनने, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पट्ट्यांत. तुमच्या आराखड्यात 'गर्दी वाढल्यास' असे शब्द असतील तर ते खोडा आणि कोण, कुठून, किती वाजता मोजणार ते लिहा. नाहीतर तुमचा निर्णय दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार घेईल.

न्यूपोर्टच्या गर्दीचं आणखी एक कारण होतं आणि ते फोटोत दिसणारं नव्हतं. शेजारच्या लॉस एंजेलिस काउंटीचे किनारे तेव्हा बंद होते. एकाने बंद केलं की गर्दी नाहीशी होत नाही, शेजाऱ्याकडे सरकते. म्हणून उघडायची तारीख एकट्या गावाने ठरवू नये. आजूबाजूचे सगळे किनारे एकाच दिवशी, एकाच नियमांनी उघडले तर प्रत्येकाच्या वाट्याला आपापली गर्दी येते. 'फक्त स्थानिकांसाठी' ही पळवाट प्रत्येक समितीत कुणीतरी सुचवतं. कायद्यात ती बसते की नाही हे वकील सांगतील. माझ्या अनुभवात ती राबवणाऱ्या शिपायाला रोज शंभर भांडणं देते आणि बाहेरचे लोक शेवटी पुढच्या खडकाळ, पहारा नसलेल्या कोपऱ्यात जाऊन उतरतात.

आता मोजणीबद्दल, कारण इथे प्रशासनं हमखास फसतात. किनाऱ्यावर किती माणसं मावतील याचं सूत्र २०२०मध्ये देशादेशांत वेगळं होतं. ग्रीसने १६ मे रोजी ५१५ सशुल्क किनारे उघडले तेव्हा १,००० चौरस मीटरला ४० माणसं आणि छत्र्यांमध्ये ४ मीटर अंतर असा नियम होता. म्हणजे माणशी २५ चौरस मीटर. स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी माणशी ४ चौरस मीटर धरले गेले. इटलीत एका छत्रीला १० चौरस मीटर. विषाणू एकच, आकड्यात सहापट फरक. यातला कोणता बरोबर, यावर तासन् तास घालवू नका. त्याहून मोठी चूक क्षेत्रफळात होते, कारण पुळणीचं क्षेत्रफळ दिवसातून दोनदा बदलतं.

एक हिशोब मांडून दाखवतो. समजा पुळण ५०० मीटर लांब आहे आणि तिचा उतार ५० मीटरला १ मीटर इतका मंद आहे. भरती-ओहोटीतला फरक ४ मीटर असेल तर पाणी २०० मीटर आत-बाहेर करतं. ओहोटीला कोरडी वाळू २३० मीटर रुंद असेल तर भरतीला ती ३० मीटर उरते. ग्रीसचं माप लावलं तर ओहोटीला ४,६०० माणसं बसतात आणि भरतीला ६००. म्हणजे सकाळी अकरा वाजता नियमात बसलेली चार हजार माणसं, एकही नवा माणूस न येता, संध्याकाळी चार वाजता नियमाच्या सहासात पट गर्दी होतात. पाणी त्यांना मागे रेटत रेटत एका पट्टीत आणून बसवतं. उधाणाच्या दिवसांत हे आणखी वाईट, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे सुट्टी आली तर विचारूच नका. म्हणून क्षमतेचा आकडा नेहमी भरतीचा धरायचा आणि भरतीचं कोष्टक पार्किंगच्या फाटकावर लावून ठेवायचं. भरतीच्या दोन तास आधी नवी गाडी आत घ्यायची नाही, एवढा एक नियम वाळूवर आखलेल्या शंभर चौकटींपेक्षा जास्त काम करतो.

चौकटींचा विषय निघालाच आहे तर: स्पेनमध्ये बेनिडोर्मने वाळूवर ४ बाय ४ मीटरचे चौकोन आखून आधी नोंदणीची सोय केली. तिथे ते जमलं, कारण किनारा शहराला लागून आहे, आत येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत आणि माणसं नेमायला पैसा होता. मोकळ्या, दहा बाजूंनी उतरता येणाऱ्या पुळणीवर हा खेळ पहिल्या रविवारीच मोडतो. त्याच देशात काडिस प्रांतातल्या झाआरा दे लोस आतुनेस इथे एप्रिल २०२०मध्ये मुलं बाहेर पडणार म्हणून ट्रॅक्टर लावून दोन किलोमीटर पुळणीवर ब्लीच फवारलं गेलं. ऊन जे काम फुकटात करत होतं त्यासाठी वाळूतले जीव आणि पक्ष्यांची घरटी मारली, आणि नंतर माफी मागावी लागली. वाळू निर्जंतुक करण्याचा प्रस्ताव आला तर तो चर्चेलाही घेऊ नका.

आता माझ्या खऱ्या मुद्द्यावर येतो. तो बहुतेक आराखड्यांत शेवटच्या पानावर एका ओळीत असतो: जीवरक्षक.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९मध्ये जगभरात २,३६,००० माणसं बुडून मेली. महासाथ आली म्हणून पाण्याची ओढ कमी होत नाही. उलट बंदीनंतर किनारा उघडतो तेव्हा धोका वाढलेला असतो. लोक महिनोन् महिने घरात बसून आलेले असतात, अंगातला दम गेलेला असतो, उकाडा असतो, आणि नेहमी इतरत्र सुट्टी घालवणारी, समुद्राची सवय नसलेली मंडळीही या वेळी इथेच आलेली असतात. इंग्लंडमध्ये १३ मे २०२०पासून लोकांना गाडी काढून किनाऱ्यावर जायची मोकळीक मिळाली. तिथल्या किनाऱ्यांवर जीवरक्षक पुरवणाऱ्या आरएनएलआय या संस्थेने मात्र मार्चमध्येच हंगामाची तैनाती थांबवलेली होती. एरवी ती दोनशेहून जास्त किनारे सांभाळते. त्या वर्षी ७०च्या आसपास किनाऱ्यांचीच तयारी सुरू होती. २५ मेच्या सुट्टीच्या दिवशी कॉर्नवॉलच्या समुद्रात दोन जण दगावले. नंतर संस्थेच्या प्रमुखांनी उघड पत्र लिहून सांगितलं की निर्बंध उठवताना आमच्याशी आधी बोलणं झालं नाही आणि जीवरक्षक एका रात्रीत उभे करता येत नाहीत.

येतच नाहीत. का, ते नीट समजून घ्या. हंगामी जीवरक्षकांची भरती महिने आधी होते. प्रत्येकाची पोहण्याची आणि बचावाची चाचणी दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, आणि तरण तलाव बंद असतील तर सरावच झालेला नसतो. प्रशिक्षणात एकमेकांना धरणं, ओढणं, पाठीवर घेणं असतं. ते दोन मीटर अंतर ठेवून करता येत नाही. आणि सगळ्यांत नाजूक भाग म्हणजे श्वास. हृदयविकाराने रस्त्यात कोसळलेल्या माणसाला फक्त छातीवर दाब दिला तरी काही काळ निभतं, कारण त्याच्या रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. बुडालेल्या माणसाचं हृदय थांबतं तेच प्राणवायू संपल्यामुळे. त्याला श्वास द्यावाच लागतो, आणि तोही आधी. श्वसनातून पसरणाऱ्या रोगाच्या काळात तोंडाला तोंड लावून श्वास देणं म्हणजे जीवरक्षकाने स्वतःला पुढे करणं. यावर उपाय आहे: फिल्टर बसवलेली, हाताने दाबायची श्वासपिशवी. पण ती एकट्याने नीट वापरता येत नाही. एकाने दोन्ही हातांनी मुखवटा घट्ट धरायचा, दुसऱ्याने पिशवी दाबायची, तिसऱ्याने छातीवर दाब द्यायचा. जिथे पूर्वी दोघांची जोडी पुरत होती तिथे आता तिघं लागतात. शिवाय त्या बचावानंतर तिघंही विलगीकरणात गेले तर उद्या मनोऱ्यावर कोण, याची वेगळी तुकडी राखून ठेवावी लागते. हे सगळं जमवायला माझ्या अंदाजाने किमान चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे उघडण्याची तारीख रुग्णसंख्येच्या आलेखावरून ठरते असं समिती समजत असली, तरी ती खरं तर तुमच्या जीवरक्षकांच्या प्रशिक्षणाच्या दिवसावरून ठरायला हवी. आलेख खाली येऊ लागला की लगेच प्रशिक्षण सुरू करा, तो अगदी तळाला जायची वाट पाहू नका.

यात एक पेच आहे, तो किनाऱ्यावर काम केलेल्या माणसालाच पटकन कळतो. आम्ही लाल-पिवळे झेंडे लावून 'यांच्या मधेच पोहा' असं सांगतो. झेंड्यांचा हेतूच मुळी लोकांना एका अरुंद, नजरेतल्या पट्ट्यात गोळा करण्याचा आहे. अंतर ठेवण्याचा नियम बरोबर उलटं सांगतो: पांगा. लोक पांगतात, झेंड्यांच्या बाहेर जातात, आणि तिथे नेमकी रिप करंटची, म्हणजे माणसाला खोल समुद्राकडे खेचणाऱ्या प्रवाहाची, ओढ असते. वरून पाहणाऱ्याला ती लाटा कमी असलेली, शांत, 'बरी' जागा वाटते. दोन नियम भिडले की लोक भीतीचा नियम पाळतात, आणि त्या दिवसांत भीती विषाणूची असते. माझं मत स्पष्ट आहे. पाण्यात झेंड्यांचा नियम वरचढ ठेवा. पाण्यातलं अंतर सांभाळायचं असेल तर झेंड्यांचा दुसरा पट्टा आखा आणि त्यासाठी दुसरी तुकडी उभी करा. तुकडी नसेल तर पाण्यात उतरणाऱ्यांची संख्या आवरा. आणि पाण्यात मास्क नको. ओला मास्क नाकातोंडाला चिकटतो आणि दमलेल्या माणसाला श्वास घेऊ देत नाही.

जीवरक्षक पूर्ण तयार नसतील पण लोकांना घराबाहेर पडू देणं भाग असेल, तर मधली वाट म्हणजे 'चालते राहा' पद्धत. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलने १७ एप्रिल २०२०ला किनारा उघडला तेव्हा चालणं, पळणं, पोहणं, मासेमारी चालणार होती. टॉवेल, खुर्च्या, शीतपेट्या घेऊन ठाण मांडणं चालणार नव्हतं. समाजमाध्यमांवर त्या शहराची यथेच्छ टिंगल झाली. बाँडाय २८ एप्रिलला असंच उघडलं: एका वाटेने आत, पोहा किंवा लाटांवर स्वार व्हा, दुसऱ्या वाटेने बाहेर. फ्रान्सने मे महिन्यात 'गतिमान किनारे' म्हणून हेच केलं. मला ही पद्धत आवडते, कारण ती अंतर मोजत बसत नाही, वेळ आवरते. बसायला मिळत नसेल तर लांबून येणारा येत नाही, आलेला तासाभरात निघतो, शौचालयाची रांग लागत नाही, दारू येत नाही. शिवाय पोलिसाला पट्टी घेऊन फिरावं लागत नाही. टॉवेल पसरलेला आहे की नाही, हे लांबूनही दिसतं.

जॅक्सनव्हिलच्या वेळा मात्र मला पटल्या नाहीत. सकाळी ६ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८. दुपारचा तळ ठोकणारा वर्ग टाळण्यासाठी ते ठीक, पण वेळ आवळली की तेवढीच माणसं कमी तासांत येतात. याच्या नेमकं उलट उदाहरण म्हणजे मुंबई पोलिसांचा ३१ डिसेंबर २०२१चा आदेश: किनारे, मैदानं, बागा संध्याकाळी ५ ते पहाटे ५ बंद. ओमिक्रॉनच्या लाटेत, नववर्षाच्या तोंडावर, रात्रीचा जल्लोष रोखायला त्यात अर्थ होता. पण तो १५ जानेवारीपर्यंत ठेवताना संध्याकाळी फिरायला निघणारा साधा माणूसही त्यात गेला, आणि लहान घरात राहणाऱ्या कुटुंबाला संध्याकाळी उरतं ते पुन्हा घरच, म्हणजे बंद जागा. वेळेचे निर्बंध ठरावीक दिवसांसाठी चालतात, महिनाभर चालत नाहीत.

पूर्ण बंदी कधी योग्य? माझ्या मते तीन प्रसंगी. रुग्णालयं ओसंडत असतील आणि किनाऱ्यावरच्या जखमीला, बुडता वाचलेल्याला खाट मिळणार नसेल तेव्हा. जीवरक्षकांची तुकडीच आजारी पडली असेल तेव्हा. आणि ज्या ठरावीक दिवशी हमखास लोंढा येतो त्या दिवशी. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२०मध्ये क्वाझुलू-नाताळ प्रांतासाठी प्रथम हेच केलं: १६, २५, २६ आणि ३१ डिसेंबर, १ ते ३ जानेवारी एवढेच दिवस किनारे बंद. ही आखणी मला शहाणपणाची वाटली होती. दोन आठवड्यांत साथ भडकली आणि संसर्गाचा जोर असलेल्या भागांतले किनारे सरसकट बंद झाले, ते १ फेब्रुवारीला उघडले. उन्हाळ्याचा अख्खा हंगाम गेला.

इथे तुम्हाला हेही सांगायला हवं की, संसर्गाशी काहीही संबंध नसताना किनारा कोसळू शकतो. २५ जून २०२०ला इंग्लंडच्या बोर्नमथमध्ये 'गंभीर आपत्कालीन परिस्थिती' जाहीर करावी लागली. डॉर्सेटच्या किनाऱ्यावर सुमारे पाच लाख लोक लोटल्याचा अंदाज होता. रस्ते तुंबले, गाड्या वाटेल तिथे लावलेल्या, कचऱ्याचे ढीग, मारामाऱ्या, आणि रुग्णवाहिकेला वाट नाही. त्याआधी ३० मे रोजी जवळच्याच डर्डल डोर इथे कड्यावरून उड्या मारणारे तिघं गंभीर जखमी झाले. हेलिकॉप्टर उतरवायला पुळण मोकळी करायची म्हणून पोलिसांनी शेकडो लोकांना एका बाजूला सरकवलं, आणि दिवसभर अंतर ठेवून बसलेली गर्दी खांद्याला खांदा लावून उभी राहिली. हेलिकॉप्टर कुठे उतरेल आणि तेव्हा लोक कुठे जातील, हे तुमच्या नकाशावर आहे का ते पाहा. बहुतेकांच्या नसतं.

शौचालयांबद्दल एक लहानशी गोष्ट. संसर्गाच्या भीतीने ती कुलूपबंद ठेवून किनारा उघडणं हा मी पाहिलेला सर्वांत वाईट तडजोडीचा नमुना. लोक झुडपांत आणि मागच्या वाळूच्या टेकड्यांत जातात, आणि श्वसनाच्या साथीत पोटाच्या विकारांची भर पडते. उघडा, दारं-खिडक्या सताड ठेवा, पंखा बाहेर हवा फेकणारा लावा, रांग बाहेर उघड्यावर लावा.

आराखड्यात काय लिहावं, तर सर्वांत आधी एक गोष्ट: बंदीच्या आदेशातच उघडण्याची अट. कोणता आकडा, कोण पाहणार, किती दिवसांनी फेरविचार. बंद करताना कुणाला घाई नसते अटी लिहायची, आणि मग उघडताना प्रत्येक जण आपापली अट आणतो. किनाऱ्यावर पोट असलेल्यांना, म्हणजे मच्छीमार, बोटवाले, छोटे विक्रेते यांना, त्या अटी पहिल्या दिवशी कळल्या पाहिजेत. मच्छीमारांची होडी लावण्याची जागा करमणुकीच्या बंदीतून वेगळी काढा. पहाटे चार माणसांनी होडी लोटण्यात आणि रविवारच्या सहलीत काहीही साम्य नाही, तरी आदेशाचा मसुदा करणारा दोन्ही एकाच ओळीत बसवतो.

शेवटचा मुद्दा, आणि तो वरच्या सगळ्याला लागू आहे. हे उत्तर हवेतून पसरणाऱ्या, मोकळ्यावर विरून जाणाऱ्या रोगासाठी आहे. पुढची महासाथ तशीच असेल असं नाही. पाण्यातून पसरणारा पोटाचा रोग असेल तर धोक्याचं असतं ते सांडपाण्याचं तोंड. मग तपासायचं पाणी, माणसं नव्हेत. एच५एन१ या बर्ड फ्लूने २०२२-२३मध्ये पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यांवर हजारो समुद्रसिंह मारले, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती सीलची १७,००० हून अधिक पिल्लं मेली. असा विषाणू माणसांत पसरू लागला तर किनाऱ्यावरचा पहिला प्रश्न छत्र्यांमधल्या अंतराचा नसेल, वाळूवर पडलेल्या मेलेल्या पक्ष्याला हात कोण लावतंय याचा असेल. म्हणून आराखड्यात पशुवैद्यकीय विभागाचा दूरध्वनी क्रमांक, मृत प्राणी उचलणाऱ्या दोघांची नावं आणि त्यांच्या हातमोज्यांची जागा आत्ताच लिहून ठेवा.